नाव, नोंद आणि किल्ली : माजी कर्मचाऱ्याकडे अडकलेलं डोमेन

आजचा विषय जाहीर झाल्यावर काही जणांनी विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाचा डोमेनच्या भांडणाशी काय संबंध? संबंध आहे. ‘हे माझं आहे’ या तीन शब्दांचा अर्थ काय, हा आमच्या विषयातला फार जुना प्रश्न. आणि आज लहानमोठ्या धंद्यांना हा प्रश्न ज्या जागी सगळ्यात जास्त बोचतो, ती जागा म्हणजे डोमेन, वेबसाइटचा पत्ता.

एक उदाहरण घेऊ. काल्पनिक आहे, पण तुमच्या ओळखीचं वाटेल. समजा, सांगलीत हळद आणि मसाल्यांचा एक घरगुती उद्योग आहे. पंधरा वर्षांपूर्वी मालकांनी कॉम्प्युटरची जाण असलेल्या एका मुलाला नोकरीवर घेतलं आणि सांगितलं, ‘आपली पण एक वेबसाइट काढ रे.’ त्याने स्वतःच्या ईमेलवरून खातं उघडलं, डोमेन नोंदवलं, स्वतःच्या कार्डाने पैसे भरले आणि महिनाअखेरीला व्हाउचर लावून ते परत घेतले. दरवर्षी नूतनीकरणही तोच करायचा. कोणाला काही विचारावं लागलं नाही, म्हणून कोणी विचारलंही नाही. मग एके दिवशी पगारावरून वाजलं, मुलगा नोकरी सोडून गेला. तीन महिन्यांनी वेबसाइट बंद, ईमेल बंद. फोन केला तर उत्तर आलं, ‘साहेब, डोमेन माझ्या नावावर आहे. माझा राहिलेला हिशेब करा, मग बघू.’

मालक म्हणतात, ‘चोरी झाली.’ तो म्हणतो, ‘मी काढलं, मी सांभाळलं, माझ्या नावावर आहे.’ गंमत अशी, की दोघंही मनापासून बोलताहेत. आणि जोपर्यंत दोघंही ‘माझं’ हा शब्द वेगवेगळ्या अर्थांनी वापरताहेत, तोपर्यंत वकील कितीही चांगला दिला तरी भांडण सुटणार नाही.

गेलं म्हणजे काय गेलं?

आधी पणाला काय लागलंय ते बघू. पुष्कळांना वाटतं, वेबसाइट गेली तर दुसरी काढू. पण डोमेनवर फक्त वेबसाइट चालत नाही, ईमेलही चालतं. गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी, परदेशातल्या व्यापाऱ्याचे कागद, बँकेच्या सूचना, जीएसटीच्या खात्याला जोडलेला ईमेल, हे सगळं त्याच पत्त्यावर येतं. ज्याच्या हातात डोमेनची सूत्रं आहेत, तो त्या पत्त्यावर येणारी टपाल कुठे जायची हे ठरवू शकतो. ‘पासवर्ड विसरलात का?’ असं विचारून येणारी लिंकही तिथेच येते. म्हणजे दुकानाची पाटी गेली एवढंच नाही. पोस्टमन आता दुसऱ्याच्या दारात जाऊ लागला.

म्हणून अशा वेळी पहिलं काम वादाचं नसतं, बंदोबस्ताचं असतं. बँक, जीएसटी, प्राप्तिकर, सोशल मीडिया, जिथे जिथे जुना ईमेल दिला आहे तिथे तो त्याच दिवशी बदलून घ्या. मोठ्या गिऱ्हाइकांना फोन करून नवा पत्ता कळवा. बँक खात्याचा नंबर बदलल्याची मेल आली तर फोन केल्याशिवाय पैसे पाठवू नका, हेही सांगा. हे झालं की शांतपणे भांडायला बसा.

डोमेन विकत मिळत नाही

आता डोमेन ही वस्तू काय आहे ते समजून घेऊ. आपण म्हणतो ‘डोमेन विकत घेतलं’. खरं तर ते विकत मिळतच नाही. ठरावीक मुदतीसाठी नोंद होते, डॉट कॉमची एका वेळी जास्तीत जास्त 10 वर्षांसाठी, आणि पैसे भरून ती पुढे न्यावी लागते. सगळ्या डॉट कॉम नावांची मूळ वही व्हेरिसाइन ही कंपनी सांभाळते. डॉट इनची वही निक्सी, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, ही संस्था सांभाळते. या वहीत नोंद करून देणारे परवानाधारक दुकानदार असतात, त्यांना रजिस्ट्रार म्हणतात. आमच्या विद्यापीठातले रजिस्ट्रार वेगळे, पण स्वभाव तोच : कागद दाखवा, नाहीतर काही हलणार नाही. आणि जगभरच्या डोमेन व्यवस्थेचे नियम आयकॅन ही 1998 मध्ये स्थापन झालेली संस्था ठरवते.

या व्यवस्थेत तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत. आजच्या व्याख्यानातून एकच गोष्ट घरी न्यायची असेल तर ही न्या.

पहिली, नाव. सांगलीच्या त्या मसाल्याचं नाव लोकांच्या तोंडी आहे, पाकिटावर आहे. ती पत धंद्याने कमावलेली आहे.

दुसरी, नोंद. रजिस्ट्रारच्या वहीत धारक म्हणून कोणाचं नाव आहे?

तिसरी, किल्ली. रजिस्ट्रारच्या खात्याचा पासवर्ड, त्या खात्याला जोडलेला ईमेल आणि ओटीपी येणारा मोबाइल कोणाकडे आहे?

आपल्या उदाहरणात नाव मालकाचं आहे. नोंद आणि किल्ली कर्मचाऱ्याकडे आहे. मालक ‘माझं’ म्हणतात ते नावाच्या अर्थाने, तो म्हणतो ते नोंदीच्या अर्थाने. आणि वेबसाइट बंद कोण करू शकतो? ज्याच्याकडे किल्ली आहे तो. भांडण सोडवायचं म्हणजे या तिघांना पुन्हा एका घरात आणायचं.

सातबाऱ्यावर नाव आहे, म्हणून?

तुम्ही म्हणाल, वहीत ज्याचं नाव त्याची मालकी, यात शंका कसली? पण हे कोडं आपल्याला नवं नाही. महाराष्ट्रात सातबारा माहीत नाही असा माणूस नाही. सातबाऱ्यावर एकट्या थोरल्या भावाचं नाव लागलं म्हणून धाकट्यांचा वाटा बुडत नाही. फेरफाराची नोंद ही मुख्यतः महसुलाच्या सोयीसाठी असते, तिने मालकी जन्मतही नाही आणि मरतही नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलं आहे. पण व्यवहारात काय होतं? बँक सातबारा मागते, खरेदीदार सातबारा बघतो. नोंद ही मालकी नव्हे. तरीही जग नोंदीवर चालतं. डोमेनचं अगदी तसंच आहे. वहीतलं नाव हा अंतिम निकाल नाही, पण निकाल लागेपर्यंत रजिस्ट्रार त्याच नावाचं ऐकणार.

आपल्या जुन्या व्यवहारशास्त्राने हे बारकाईने पाहिलं होतं. त्या ग्रंथांतली समाजव्यवस्था आपण टाकून दिली, ते योग्यच झालं. पण पुराव्याचा त्यांनी केलेला विचार अजून उपयोगी आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत ‘आगम’ आणि ‘भोग’ असा भेद आहे. आगम म्हणजे वस्तू तुमच्याकडे कोणत्या मार्गाने आली तो आधार. भोग म्हणजे प्रत्यक्ष वहिवाट. नियम असा, की पिढीजात वहिवाट सोडली तर भोगापेक्षा आगम वरचढ. पण लगेच पुढे म्हटलंय, की जिथे थोडीसुद्धा वहिवाट नाही तिथे आगमालाही बळ नाही. आता हे आपल्या मालकांना लावून बघा. आगम त्यांचा भक्कम आहे : काम त्यांनी सांगितलं, पैसे त्यांनी दिले, नाव त्यांचं. पण पंधरा वर्षांत त्यांनी एकदाही त्या खात्यात डोकावून पाहिलं नाही. त्यांची बाजू खरी असूनही दुबळी दिसते, ती इथे.

याच स्मृतीवर विज्ञानेश्वराची मिताक्षरा ही टीका आहे. स्वत्व, म्हणजे मालकी, शास्त्रवचनातून कळते की लोकव्यवहारातून, असा वाद त्यात आहे आणि विज्ञानेश्वराचं उत्तर आहे : स्वत्व लौकिक आहे. माणसं कशी देतात, घेतात, वापरतात, यातूनच ते कळतं. याचा आजचा अर्थ सरळ आहे. डोमेन कोणाचं हे ठरवायचं तर एका रकान्यावर थांबू नका. सगळा व्यवहार बघा. नोंदणी करायला कोणी सांगितलं? पैसे शेवटी कोणाच्या खिशातून गेले? पत्ता कोणाच्या पाकिटावर, लेटरहेडवर, पाटीवर छापला गेला?

एमटीव्हीची गोष्ट

कर्मचारी आणि कंपनी यांच्यातला हा वाद इंटरनेटच्या अगदी सुरुवातीच्या काळात अमेरिकेत झाला. ॲडम करी हा एमटीव्ही या संगीतवाहिनीचा लोकप्रिय निवेदक होता. 1993 मध्ये त्याने स्वतःच्या खर्चाने एमटीव्ही डॉट कॉम या पत्त्यावर एक साइट उभी केली. त्याचं म्हणणं असं, की कंपनीतल्या वरिष्ठांना हे माहीत होतं आणि त्यांना त्यात रस नव्हता. त्या काळात डोमेन नोंदवायला पैसेही पडत नसत. पुढे इंटरनेटचं महत्त्व लक्षात आलं. 1994 च्या सुरुवातीला कंपनीने पत्ता वापरणं थांबवायला सांगितलं, त्याच वर्षी करीने नोकरी सोडली आणि कंपनीने दावा लावला. करीने उलट दावे केले : तोंडी ठरलं होतं, मला आश्वासन दिलं होतं. न्यूयॉर्कच्या संघराज्य न्यायालयाने त्याचे सगळे दावे दारातच फेटाळायला नकार दिला. अखेर 1995 मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली आणि डोमेन कंपनीकडे गेलं.

इथे बघा, नाव निःसंशय कंपनीचं होतं. तरी खटला सोपा झाला नाही, कारण कंपनीने आधी माहीत असून चालू दिलं होतं. मूक संमती ही नंतर फार बोलकी होते.

दुसरीही एक अमेरिकन गोष्ट सांगतो. त्या डोमेनचं नाव सभेत घेण्यासारखं नाही, म्हणून घेत नाही. गॅरी क्रेमेन या उद्योजकाने ते 1994 मध्ये नोंदवलं होतं. पुढच्या वर्षी एका ठगाने रजिस्ट्रारला त्याच्या कंपनीच्या नावाने एक बनावट पत्र दाखवलं : क्रेमेनला आम्ही काढून टाकलंय, हे डोमेन आता आम्हाला नको. रजिस्ट्रारने शहानिशा न करता डोमेन त्या ठगाच्या हवाली केलं. 2003 मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने म्हटलं, की डोमेन ही मालमत्ता आहे आणि ती अशी परस्पर दुसऱ्याला दिल्याबद्दल रजिस्ट्रारला जबाबदार धरता येतं. आता तुमच्या लक्षात येईल, की ‘अमुक कर्मचाऱ्याला काढलंय, डोमेन आमच्या नावावर करा’ असं लेटरहेडवर लिहून पाठवलं तर रजिस्ट्रार ते लगेच का मानत नाही. तसं मानल्याने काय होतं हे त्या धंद्याने अनुभवलं आहे.

कर्मचाऱ्याची बाजू

आता दुसऱ्या बाजूला बसून बघू. ‘मी घाम गाळला, म्हणून माझं’ हा युक्तिवाद हलका नाही. जॉन लॉकने सतराव्या शतकात मालकीचा पाया श्रमातच शोधला. आपल्याकडे ‘कसेल त्याची जमीन’ या तत्त्वावर 1948 चा कूळकायदा झाला आणि 1 एप्रिल 1957 हा कृषकदिन ठरला. मग डोमेन कसणाऱ्याचं का नाही?

फरक असा. कूळ स्वतःच्या जोखमीवर जमीन कसत होतं. पीक बुडालं तर तेच बुडत होतं. पगारी नोकर दुसऱ्यासाठी, दुसऱ्याच्या सांगण्यावरून, दुसऱ्याच्या पैशाने काम करतो. त्याच्या श्रमाचा मोबदला पगार हा आहे. याज्ञवल्क्याने गुराख्याबद्दल सांगितलंय, की सकाळी जशी गुरं सोपवली तशी संध्याकाळी परत करावीत. ‘स्वामिपालविवाद’, म्हणजे गुरांचा धनी आणि गुराखी यांचं भांडण, हे त्या शास्त्रात वादाचं एक स्वतंत्र प्रकरणच आहे. दिवसभर गुरं गुराख्याच्या ताब्यात असतात, काठी त्याच्या हातात असते, गुरं त्याचीच हाक ओळखतात. म्हणून ती त्याची होत नाहीत.

पण गुराख्याचं वेतन थकलं असेल तर? मग ते द्यायलाच हवं. इथे मालकमंडळी गल्लत करतात. ‘आधी डोमेन दे, मग पगाराचं बघू’ असं म्हणतात, आणि तो उलटं म्हणतो. दोन वेगळी देणी एकमेकांना ओलीस ठेवली जातात. आपल्या 1872 च्या करार कायद्याच्या कलम 170 मध्ये एक मार्मिक तरतूद आहे. ज्या वस्तूवर कारागिराने कसब खर्च केलं, ती वस्तू त्या कामाची मजुरी मिळेपर्यंत त्याला अडवून ठेवता येते, वेगळं काही ठरलेलं नसेल तर. शिंपी शिलाई मिळेपर्यंत सदरा देत नाही, ते या आधाराने. पण मागच्या दिवाळीची उधारी राहिली म्हणून आजचा सदरा अडवणं या कलमात बसत नाही. थकलेल्या पगारासाठी डोमेन अडवणं हे या दुसऱ्या प्रकाराच्या जवळ जातं. त्याचं घेणं खरं असेल. त्यासाठी निवडलेलं तारण त्याचं नाही.

म्हणून माझा मालकांना पहिला सल्ला असा : त्याचा निर्विवाद हिशेब आधी चुकता करा आणि पोच घ्या. न्यायाचं तर हे आहेच, पण व्यवहाराचंही आहे. पगार दिल्यावर त्याच्याकडे डोमेन अडवायला नैतिक कारण उरत नाही, आणि पुष्कळ भांडणं तिथेच विरघळतात.

कायदा कोणाच्या बाजूने?

भारतात डोमेनसाठी स्वतंत्र कायदा नाही. नावाच्या संरक्षणाचा जुना कायदाच इथे लावला जातो. मुंबई उच्च न्यायालयाने 1999 मध्ये रेडिफच्या खटल्यात म्हटलं, की डोमेन हा नुसता इंटरनेटवरचा पत्ता नाही, धंद्याच्या नावासारखंच त्याला संरक्षण मिळायला हवं. तिथे समोरच्याने एकच अक्षर बदलून ‘रॅडिफ’ असं नाव घेतलं होतं. 2004 मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्युशन्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने यावर शिक्कामोर्तब केलं : दुसऱ्याच्या पतीवर आपला माल खपवायला जशी मनाई आहे, तशीच ती डोमेनलाही लागू. यासाठी ट्रेडमार्कची नोंदणी असलीच पाहिजे असं नाही. वापराने कमावलेली पत सिद्ध करावी लागते. नोंदणी असेल तर काम सोपं होतं, एवढंच.

दुसरा आधार विश्वासाच्या नात्याचा. 1882 च्या विश्वस्त कायद्याचं कलम 88 म्हणतं, की विश्वासाच्या नात्याने बांधलेल्या माणसाने त्या नात्याचा उपयोग करून स्वतःसाठी लाभ मिळवला, तर तो लाभ त्याने त्या दुसऱ्यासाठीच धारण केला असं मानायचं. प्रत्येक कर्मचारी त्यात बसेलच असं नाही. पण मालकाच्या सांगण्यावरून, मालकासाठी नोंदणी करणारा माणूस त्या कामापुरता मालकाचा प्रतिनिधी असतो, ही मांडणी मजबूत आहे. ती सिद्ध करायला मात्र कागद लागतात.

तक्रार कुठे न्यायची?

दिवाणी न्यायालयाखेरीज आणखी एक दार आहे. डॉट कॉमसारख्या नावांसाठी आयकॅनने 1999 मध्ये एक समान तंटानिवारण धोरण आणलं, त्याला यूडीआरपी म्हणतात. जिनिव्हाची जागतिक बौद्धिक संपदा संघटना, म्हणजे वायपो, अशा तक्रारी चालवते. एक ते पाच डोमेन आणि एक पंच असेल तर तिची फी 1500 डॉलर आहे. समोरच्याला उत्तराला 20 दिवस मिळतात. तक्रारदाराला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात : डोमेन माझ्या नावासारखं किंवा फसगत होईल इतकं जवळचं आहे, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने नोंदवलं *आणि* वाईट हेतूने वापरलं.

हा ‘आणि’ नीट ऐका, कारण आपलं उदाहरण इथेच अडखळतं. त्या मुलाने पंधरा वर्षांपूर्वी डोमेन नोंदवलं तेव्हा त्याच्या मनात पाप नव्हतं. मालकांनीच सांगितलं होतं! हेतू बिघडला तो नंतर. म्हणून साध्यासुध्या विश्वासाने झालेली नोंदणी यूडीआरपीत अवघड जाते. शिवाय आत पगाराचे, भागीदारीचे, कराराचे वाद गुंतलेले दिसले, तर पंच पुष्कळदा म्हणतात, हा आमचा विषय नाही, न्यायालयात जा.

डॉट इनसाठी निक्सीचं वेगळं धोरण आहे, आयएनडीआरपी. तिथे शब्द ‘किंवा’ आहे : वाईट हेतूने नोंदवलं *किंवा* वापरलं. एका अव्ययाने केवढा फरक पडतो बघा. नोंदणी निर्मळ होती, पण आता खंडणीसारखा वापर चाललाय, एवढं दाखवता आलं तरी तिथे वाट आहे.

दोन्हीकडे मिळतं काय? डोमेन परत मिळतं किंवा रद्द होतं. यूडीआरपीत नुकसानभरपाई मिळत नाही. ती हवी असेल, किंवा उद्याच्या उद्या मनाई हुकूम हवा असेल, तर न्यायालयच. आणि तातडीचा हुकूम मागायचा नसेल तर, वाणिज्यिक न्यायालयांच्या कायद्यात 2018 मध्ये आलेल्या तरतुदीनुसार, अशा दाव्याआधी मध्यस्थीचा प्रयत्न सक्तीचा आहे. माझ्या मते तो सक्तीचा नसता तरी करावा.

क्रमाने काय करावं

बंदोबस्त झाला, हिशेब चुकता झाला. पुढे असं जा.

रजिस्ट्रार कोण आणि धारक म्हणून नाव कोणाचं, ते शोधा. 2018 पासून खासगीपणाच्या नियमांमुळे व्यक्तींची नावं सार्वजनिक शोधात बहुतेक झाकलेली असतात, पण रजिस्ट्रारचं नाव आणि मुदत संपण्याची तारीख दिसते. संस्थेच्या रकान्यात तुमच्या फर्मचं नाव असेल तर तुमचं अर्धं काम झालं. मग भांडण फक्त किल्लीचं आहे आणि फर्मचे कागद दाखवून ते रजिस्ट्रारकडेच सुटू शकतं.

मुदतीची तारीख मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. भांडणाच्या नादात नूतनीकरण राहिलं तर दोघांचंही जातं. डॉट कॉमला मुदतीनंतर रजिस्ट्रारच्या नियमांप्रमाणे काही सवलतीचे दिवस, मग 30 दिवस जादा पैसे भरून सोडवण्याचे, मग 5 दिवसांनी नाव मोकळं. मोकळं झालेलं नाव टिपणारे टपलेलेच असतात.

कागद गोळा करा : व्हाउचर, बँक उतारे, नूतनीकरणाच्या पावत्या, ‘डोमेन घेऊन टाक’ असं सांगणारा एखादा मेल, नेमणूकपत्र, डोमेन छापलेली पाकिटं आणि जाहिराती.

मग त्याच्याशी बोला. धमकीने नाही. लेखी तडजोड करा : त्याने हस्तांतराचा कोड द्यायचा, धारकाचं नाव बदलायचं, तुम्ही वाजवी खर्च द्यायचा, आणि दोघांनी एकमेकांवरचे आरोप मागे घ्यायचे. नाही जमलं तर वकिलाची नोटीस, आणि मग वर सांगितलेल्यांपैकी योग्य ते दार.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. त्याच्या खासगी ईमेलचा पासवर्ड ओळखून, किंवा ऑफिसच्या जुन्या कॉम्प्युटरवर उघडं राहिलेलं त्याचं खातं वापरून डोमेन खेचून घेऊ नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 खाली परवानगीविना असा शिरकाव गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. फिर्यादी होता होता आरोपी व्हाल.

चार्ज देणे-घेणे

सरकारी कचेरीत बदली झाली की ‘चार्ज’ द्यावा लागतो. ग्रंथपाल निवृत्त होताना पुस्तकं मोजून द्यावी लागतात. त्याचा आपण कंटाळा करतो, पण कोणावर संशय घ्यायची वेळच येऊ नये म्हणून ती पद्धत आहे. डोमेनलाही चार्ज हवा. नोंद फर्मच्या नावावर करा. खात्याचा ईमेल व्यक्तीचा नको, फर्मचा हवा. आणि तो त्याच डोमेनवरचा नको, नाहीतर कुलपाची किल्ली कुलपाच्या आतच राहते. किल्ल्या दोघांकडे असू द्या. पैसे फर्मच्या खात्यातून जाऊ द्या. नेमणूकपत्रात एक वाक्य घाला, की नोकरीत काढलेली सर्व खाती आणि डोमेन फर्मची. आणि वर्षातून एकदा, दसऱ्याला वह्या पूजता तेव्हा, रजिस्ट्रारच्या खात्यात स्वतः शिरून बघा. याज्ञवल्क्याच्या भाषेत, ती तुमची थोडीशी वहिवाट.

श्रोत्यांचे प्रश्न

*एका श्रोत्या भगिनींचा प्रश्न : सर, एवढी व्यवस्था केली तर माणसावर विश्वास नाही असं होत नाही का?*

चांगला प्रश्न आहे. कांटने म्हटलंय, की सफरचंद माझ्या हातात आहे म्हणून ते माझं नाही. हातातून खाली ठेवल्यावरही ते माझं राहतं, तेव्हाच ते खरं माझं. म्हणजे मालकीत एक परस्पर मान्यता गृहीत असते : माझं लक्ष नसतानाही तुम्ही ते माझं मानाल. नोंद ही ती मान्यता लिहून ठेवण्याची रीत आहे. ताई, आपण बहिणीला पैसे दिले तरी वहीत लिहितो. त्यात बहिणीवर अविश्वास नसतो; आपल्या दोघींच्या आठवणीवर भार नको, एवढंच असतं. आपल्या उदाहरणातल्या मालकांनी त्या मुलावर विश्वास ठेवला असं आपण म्हणतो. खरं तर त्यांनी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं, आणि त्याला नाव विश्वासाचं दिलं.

*आणखी एक प्रश्न : मी स्वतः असा कर्मचारी आहे. कंपनीचं डोमेन माझ्या नावावर आहे. मी काय करू?*

उत्तम. भांडण नसताना विचारताय. उद्याच एक मेल लिहा : हे डोमेन मी कंपनीसाठी, कंपनीच्या सांगण्यावरून माझ्या नावावर घेतलं आहे, ते कंपनीच्या नावावर करून घ्यावं. माझे अमुक पैसे यायचे आहेत, त्याच्या पावत्या सोबत जोडल्या आहेत. प्रत स्वतःकडे ठेवा. कंपनीने वर्षभर काही केलं नाही तरी नूतनीकरण चुकवू नका, आणि त्याचं बिल लावा. उद्या कोणी तुम्हाला चोर म्हटलं तर हा एक मेल तुमच्या बाजूने उभा राहील. आणि संध्याकाळी गुरं मोजून परत करणाऱ्या गुराख्याला स्वतःचं वेतन मान वर करून मागता येतं.

वेळ संपत आली आहे.